नावड्याचा काळा रंग

पिशवीभर बाभळीचा डिंक घेऊन नवी मुंबईला निघालेला त्या बसमधला मी एकटाच असणार. लातूर मागं पडलं तेव्हा शेजारच्या तरुणानं मांडीवरच्या पिशवीकडे बघत विचारलं, "काका, एवढं काय जपताय?"

"डिंक आहे."

"लाडवांसाठी?"

"नाही, रंगासाठी."

त्यानं कानात वायरी घातल्या आणि आमचं बोलणं तिथंच संपलं.

आपल्या गावच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवत असे, हे इथल्या बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. त्यांतल्या काहींच्या वह्यांवर माझ्या लाल शाईच्या खुणाही असतील. त्याच वर्गांतून सुजाता पुढं गेली. तिचे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. लग्न होऊन ती नवी मुंबईत गेली आणि आता जासईजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात क्लार्क आहे. राहायला तळोज्याच्या कारखान्यांना लागून असलेल्या नावडे कॉलनीत. संक्रांत झाल्यावर एके दिवशी तिचा फोन आला.

"सर, रंग टिकत नाही. कागदावर लावला की वाळून झडतो."

"कुठल्या कंपनीचा आहे?"

"तेच तर कुणी सांगत नाही, सर," ती हसली. "आमच्या खिडकीवर जमतो तो काळा रंग. घरीच केलाय."

मला नीटसं कळलं नाही. पण कुठलीही भुकटी कागदाला धरून ठेवायची तर डिंकाचं पाणी लागतं, एवढं मला येत होतं. फोनवर सांगून भागलं असतं. ती म्हणाली, "तुम्हीच या. आमच्या बायकांना सर हवेत." निवृत्तीनंतर मला असं कुणी बोलावलं नव्हतं. मी माळावरच्या बाभळींचा डिंक जमवला आणि निघालो.

कळंबोलीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. हायवेच्या कडेला ट्रेलर एकामागं एक असे उभे होते, जणू कुणी आगगाडीचे डबे सोडवून रस्त्यावर ठेवलेत. रिक्षावाल्यानं विचारलं, "नावडे गाव की कॉलनी?" नावडे म्हणजे नावडे, अशा समजुतीत मी ठसक्यात "गाव" म्हणालो. त्यानं मला एका देवळापुढं उतरवलं. भोवती तीन-तीन मजली घरं, प्रत्येकाच्या फाटकावर आजोबांचं नाव, गॅलऱ्यांमधून भाडेकरूंचे कपडे वाळत पडलेले. मूळच्या शेतकऱ्यांचं गाव. शेतं गेली आणि त्यांच्या जागी खोल्या उगवल्या. कट्ट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे आणि पिशवीकडे पाहिलं.

"कालनीत जायाचा हाय ना तुमाला? मंग रस्ता वलांडा न् सरल जावा. समदी पावनी हितंच उतरतान."

कॉलनीत शिरलो. लांब मलंगगडाचे सुळके सकाळच्या उन्हात दिसत होते आणि अलीकडे कारखान्यांची धुराडी. वासाचं वर्णन कसं करू? औषधाच्या दुकानात कुणी कांदे सडवले तर येईल, तसा. पाच-दहा मिनिटं नाकाला झोंबला, मग नाकानं तक्रार करणं सोडलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"जय भीम, सर," म्हणत सुजातानं दार उघडलं. शेल्फावर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. माझ्यासाठी तिनं ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं होतं. तिच्या सासूबाई परभणीच्या, त्या पीठ बरोबर घेऊन येतात. चहा झाल्यावर ती मला गॅलरीत घेऊन गेली आणि ग्रीलवरून बोट फिरवून माझ्यापुढं धरलं. बोट काळं झालं होतं.

"काल संध्याकाळी पुसलंय," ती म्हणाली.

सुरुवात कशी झाली ते तिनं सांगितलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती ग्रील आणि खिडकीची कड पुसायची. एके दिवशी फडकं सापडेना, म्हणून ती बोटानंच धूळ बाजूला करत होती. समोर रस्त्यावर एक बदामाचं झाड आहे. करता करता तिच्याकडून खिडकीच्या कडेवर त्या धुळीतच ते झाड काढलं गेलं. लग्नानंतर तिनं काढलेलं ते पहिलं चित्र. ऑफिसला उशीर झाला, पण ते झाड पुसवेना. शेजारची मंदा साखर मागायला आली होती. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या खिडकीवर पण एवढंच असतं गं. आमी रोज फेकून देतो."

मग त्या फेकायच्या थांबल्या. फडकी बादलीत पिळायची, पाणी निवळू द्यायचं, वरचं ओतून टाकायचं, खाली राहिलेला गाळ थाळीत वाळवायचा आणि मलमलीतून चाळायचा. हे सगळं हातमोजे घालून आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण या गाळात काय काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सुजातानं मला बरण्या दाखवल्या. मी काळा म्हणजे काळा समजत होतो. इथं एका बरणीत तपकिरीकडे झुकणारा काळा होता, दुसरीत राखेसारखा, तिसरीतली भुकटी उन्हात धरली की तिच्यात बारीक कण चमकत. बायकांनी त्यांना नावंही दिली होती: थंडीतला काळा, पहिल्या उन्हाचा काळा, सुट्टीचा काळा. सुट्टीचा काळा सर्वांत फिका. त्या बरणीत फारसं काही नव्हतंच.

वर्गात उभा राहून मी सांगत आलो की कागद स्वच्छ ठेवा, हात धुऊन बसा, डाग पडू देऊ नका. आणि इथं मी डागांच्या बरण्या एकेक करून उन्हात धरून बघत होतो.

रविवारी दुपारी सोसायटीच्या गच्चीवर आमचा वर्ग भरला. सात-आठ बायका, पाण्याच्या टाकीच्या सावलीत सतरंजी. कुणी शिवणकाम करणारी, कुणी पोळीभाजी केंद्रात जाणारी, एक अंगणवाडी मदतनीस. आपापल्या घरच्यांचे चेहरे काढायचे, त्याच काळ्यानं, असं त्यांनी ठरवलं होतं. रात्री सुटणाऱ्या धुराबद्दल त्यांनी कितीतरी अर्ज केले होते. "नोंद घेतली आहे" अशी उत्तरं यायची. आता संबंधित खात्याचे साहेब पाहणीला येणार होते, आणि त्या दिवशी कॉलनीच्या समाजमंदिरात ही चित्रं लावायची होती. अर्ज वाचताना मान खाली राहते, सुजाता म्हणाली. चित्रापुढं वर बघावं लागतं.

माझ्या डिंकाचा पहिला घाणा फसला. भिजवलेलं पाणी मी नीट न पातळ करता दिलं आणि अंगणवाडीच्या ताईंचा ब्रश कागदाला असा चिकटला की सोडवताना त्यांच्या सासऱ्यांची अर्धी मिशी निघून आली. सगळ्याजणी हसल्या. ताई म्हणाल्या, "सर, राहू दे. त्यांना तशीच शोभते." मग पाणी वाढवलं, मधाचा थेंब घातला म्हणजे वाळल्यावर तडा जाणार नाही, आणि खलात घोटून घोटून लेई केली. संध्याकाळपर्यंत रंग कागदाला धरू लागला. बोट फिरवलं तरी येईना.

त्या बायकांत मंदाचं चित्र मला वेगळं दिसलं. मंदा महाडकडची. शाळा अर्धवट सुटलेली, हातात ब्रश पहिल्यांदाच धरलेला. तिचा नवरा दत्ताराम एका कारखान्यात बॉयलरवर काम करतो. रात्रपाळी करून आला की दिवसा झोपतो. तो झोपलेला असताना समोर बसून तिनं त्याचा चेहरा काढला होता. उघडं तोंड, कपाळावर आडवा हात, गालाला पडलेल्या उशीच्या वळ्या. प्रमाण चुकलं होतं, सावली उलट्या बाजूला गेली होती, आणि तरी त्या कागदावर एक थकलेला माणूस खरोखर झोपला होता. मी तिला म्हटलं, "यात काही सुधारू नका."

तिनं मान वर केली नाही. पण पदरानं तोंड पुसताना ती हसली, हे मी पाहिलं. गालावर काळ्याचा फराटा उमटला.

दुसऱ्या दिवशी सुजातानं रजा टाकली आणि आम्ही बेलापूरच्या खाडीवर दिवाळे गावात गेलो. नावड्याच्या बाजारात मासळी विकायला येणारी पारूबाय तिथं राहते. कॉलनीमागच्या नदीचं पाणी शेवटी खाडीलाच येतं, म्हणून पारूबायचा चेहराही भिंतीवर हवा, असं सुजाताचं म्हणणं.

दिवाळ्यात पोचलो तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बांबूंवर बोंबील वाळत होते. बायका टोपल्यांभोवती बसून म्हावरं (मासळी) निवडत होत्या. पारूबायनं सुजाताचं म्हणणं ऐकून घेतलं, हात मात्र थांबले नाहीत.

"म्हंजे माजा तोंड काला करनार तू?"

"काळ्यानंच काढणार, पारूबाय. पण तोंड तुमचंच दिसेल."

"काढ. जल्मभर उन्हान काला केलाय, तुजा काला काय करनार हाय मना."

एका जागी बसायला ती तयार नव्हती. ती विकत राहिली, गिऱ्हाइकांशी घासाघीस करत राहिली आणि सुजाता तिच्यासमोर उलट्या घमेल्यावर बसून काढत राहिली. मध्येच पारूबाय एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "ती माजा फोटू काढते, तू भाव नको पारू. वाईट दिसल."

तिचा थोरला मुलगा आम्हाला होडीतून खाडीत घेऊन गेला. होडीत चढताना माझा पाय घसरून मी पोटरीपर्यंत चिखलात गेलो. पाय निघाला, चप्पल निघाली नाही. चिखलावर निवट्या (उड्या मारत चालणारे छोटे मासे) माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, असा मी त्या होडीत बसलो आणि थोड्या वेळानं सगळं विसरलो. दोन्ही बाजूंना तिवरांची (खारफुटीची) दाट हिरवी भिंत, तिच्या वर लांबच्या इमारतींची टोकं, आणि एका वळणावर ओहोटीनं उघड्या पडलेल्या गाळात शेकडो रोहित पक्षी. माना खाली घालून गाळ चाळत होते. एक थवा उठला तेव्हा पंखांखालचा लाल उघडा पडला. माळावर राहणाऱ्या माणसानं एवढा गुलाबी एका जागी पाहिलेला नसतो.

होडीवाला म्हणाला, "पांढरीच असतान पिल्ला. गालातला (गाळातलं) खाऊन खाऊन गुलाबी व्हतान."

सुजाता त्या थव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, पक्षी जे खातो ते त्याच्या अंगावर दिसतं. आपण जे श्वासात घेतो ते दिसत नाही. म्हणून काढावं लागतं."

मी तिला चित्रकला शिकवली, असं मी लोकांना सांगतो. त्या होडीत तसं म्हणायला जीभ वळली नसती.

परतल्यावर पारूबायनं जेवू घातलं. हातावर थापलेली तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, आंबट-तिखट कालवण आणि भाजलेले सुके बोंबील. निघताना तिनं मुलाची रबरी चप्पल माझ्यापुढं टाकली. "ही घाला. नायतर गावाला जाऊन सांगशाल, दिवाल्याच्या लोकानी चप्पल खाल्ली."

नावड्याला परत आलो तर गच्चीवर बायका ब्रश बाजूला ठेवून बसल्या होत्या. मंदा नव्हती. सकाळी पाळी सुटताना दत्तारामला त्याच्या कॉन्ट्रॅक्टरनं गाठलं होतं. "तुझा फोटो लागणार आहे म्हणे समाजमंदिरात?" एवढंच तो म्हणाला होता. पण तेवढं पुरलं. दत्तारामनं घरी येऊन सांगितलं, माझं चित्र लावायचं नाही.

एक बाई म्हणाली, "लावूया. एकदा लागलं की काय करणारेय तो?" दुसरी म्हणाली, "सगळ्यांत चांगलं तेच आहे." मलाही तसंच वाटत होतं. मी मास्तरकीच्या सुरात म्हणालो, "कलाकृती एकदा झाली की ती त्या माणसाची राहत नाही. हे लागलंच पाहिजे."

सुजातानं माझ्याकडे बघितलं. आवाज न चढवता म्हणाली, "सर, धूर सोडणाऱ्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं. आपण पण न विचारताच लावायचं का?"

 मला वाटतं, या सगळ्या प्रवासात मी जे पाहायला गेलो होतो, ते मला तिथं दिसलं. हक्कासाठी भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. भांडता भांडता दुसऱ्याच्या हक्कापाशी थांबणारी फार थोडी पाहिली.

संध्याकाळी ती आणि मी दत्तारामच्या घरी गेलो. तो नुकताच उठला होता. आवाज बंद केलेल्या टीव्हीपुढं चहा पीत बसला होता. आम्हाला पाहून सावरून बसला, म्हणजे बोलायची तयारी त्यानं आधीच केली होती.

"ताई, मी तुमच्या विरोधात नाय. मी पण इथंच राहतो ना? पोरगी माझी पण हीच हवा घेते. पण यंदा परमनंटचं चाललंय. माझं तोंड तिथं लागलं आणि उद्या त्यानं माझा कागद बाजूला टाकला, तर त्या टेन्शनमध्ये कोण येणारेय? ज्या धुराला तुमी नावं ठेवता, त्याच्यावर आमची चूल आहे."

"बरोबर आहे, दादा," सुजाता म्हणाली.

तो थांबला. "बरोबर म्हंजे?"

"तुमचा चेहरा तुमचा आहे. नाही लावणार."

दत्तारामनं कप खाली ठेवला. भांडण अंगावर घ्यायला बसलेल्या माणसापुढून भांडणच उठून गेलं की तो जसा अवघडतो, तसा तो अवघडला. सुजातानं गुंडाळी केलेलं चित्र त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते तोवर पाहिलं नव्हतं. उलगडून बराच वेळ बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "मी असा झोपतो?"

स्वयंपाकघराच्या दारात मंदा उभी होती. हळू आवाजात तिनं विचारलं, "चेहरा त्यांचा. पण चित्र तर माझं आहे ना?"

दत्तारामनं चित्राची पुन्हा गुंडाळी केली. जिना उतरताना सुजाताचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "एकाचं जपायला गेले आणि दुसरीचं काढून घेतलं, सर."

पाहणीच्या दिवशी सकाळी समाजमंदिरात आम्ही चित्रं टांगली. दोऱ्या ओळीनं, प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आणि काम. अर्ध्या मिशीचे सासरे होते. टोपलीवर वाकलेली पारूबाय होती. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, दुकानदार, रिक्षावाला. कोपऱ्यात बरण्या मांडल्या. दत्तारामच्या चित्रासाठी ठोकलेला खिळा तसाच राहिला. काढावा की ठेवावा यावर दोघी बायकांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात मंदा आली.

तिच्या एका हातात प्लास्टिकचा मग होता, दुसऱ्या हातात दत्तारामचा दाढीचा आरसा. कुणाशी न बोलता ती त्या रिकाम्या खिळ्याखाली मांडी घालून बसली. आरसा भिंतीला टेकवला, मांडीवर पाट घेऊन त्यावर कागद लावला, हातमोजे चढवले आणि मगातलं फडकं पिळलं. त्या सकाळी ग्रील पुसलेलं फडकं. गाळ निवळला नव्हता, चाळला नव्हता. मी सांगायला पुढं झालो आणि थांबलो. तिनं त्यातच डिंकाचं पाणी घातलं आणि आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायला सुरुवात केली.

"हे तोंड माझ्या मालकीचं आहे," ती सुजाताला म्हणाली. "हे लावायला कुणाला विचारू?"

साहेब आले तेव्हा ती निम्म्यावर होती. दोघेजण होते, एक वयस्कर, एक तरुण. त्यांनी भिंती पाहिल्या. काय आहे, कशानं काढलं आहे, ते सुजातानं साध्या शब्दांत सांगितलं. घोषणा नव्हत्या, माइक नव्हता. वयस्कर साहेब फिरत फिरत मंदापाशी आले.

"हा रंग कुठला?"

"थांबा, नाक चाललंय," मंदा म्हणाली. वर न बघता.

साहेब थांबले. सगळं समाजमंदिर थांबलं. नाकाची रेघ पुरी करून तिनं ब्रश खाली ठेवला आणि तो प्लास्टिकचा मग पुढं केला. "आजचा आहे. आमच्या ग्रीलचा. काल दिवेलागणीला पुसलं होतं, त्यानंतर एवढा जमला."

त्यांनी मगात बोट बुडवलं. पुसायला खिशातून रुमाल काढला, बोटाकडे बघितलं आणि रुमाल तसाच परत ठेवला. मग खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले आणि विचारू लागले. रात्री किती वाजता वास येतो, वारा कुठून असतो, खिडकी कुठल्या दिशेची. मंदा सांगत गेली. इतके दिवस अर्जात जे लिहून पाठवलं होतं, तेच. पण आता विचारणारा माणूस समोर बसला होता आणि त्याचं एक बोट काळं होतं.

ते गेल्यावर दुपारी दत्ताराम आला. दारात चपलांपाशी बराच वेळ उभा राहिला. बायकांनी त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तो आत येऊन मंदाच्या मागं उभा राहिला, एकदा कागदाकडे, एकदा आरशाकडे बघत.

"कान मोठा झालाय," तो म्हणाला.

"तुमच्या आरशात तसाच दिसतो."

"नाय, खरंच. डावा. जरा आत घे."

तिनं ओल्या फडक्याच्या टोकानं कानाची कड पुसली आणि पुन्हा काढली. पाणी गढूळ झालं होतं. दत्तारामनं खाली वाकून तो मग उचलला आणि बाहेरच्या नळावरून स्वच्छ पाणी भरून आणलं. मग भिंतीला टेकून तिथंच बसला, रात्रपाळीचे कामाचे कपडे अजून अंगावर असताना, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. संध्याकाळी मंदाचं चित्र पुरं झालं. ते खिळ्याला त्यानंच अडकवलं.

पुढं काय झालं, हे इथं सरळ सांगायला हवं. हवा मोजणारं यंत्र काही दिवसांसाठी एका गच्चीवर बसवलं गेलं आणि साहेब एकदा रात्रीही येऊन गेले, असं सुजाता सांगते. धूर थांबलेला नाही. कधी कमी असतो, कधी नसतो. दत्ताराम अजून परमनंट झालेला नाही, पण त्याला कुणी काढलेलंही नाही. त्याचं झोपलेलं चित्र त्यानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. मंदा आता रविवारी शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांना डिंकाचं पाणी करायला शिकवते. कलेनं जग बदलतं की नाही, हे मला अजूनही सांगता येणार नाही. त्या समाजमंदिरात एक बाई सगळ्यांसमोर स्वतःचं नाक काढत होती आणि सरकारला थांबायला सांगत होती, आणि ते थांबलं होतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पाहणी झाल्यावर मी रात्रीच्या बसनं निघालो आणि सकाळी गावी पोचलो. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की पहाटे साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळी सुटते. काळी, हलकी, भाजलेल्या पापुद्र्यांसारखी. ती दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या रांगोळीवर, वाळत घातलेल्या शेवयांवर येऊन बसते. आपण ती फुंकर मारून उडवतो. हाताळली की डाग पडतो, म्हणून फुंकर मारायची, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मीही वर्षानुवर्षं तसंच करत आलो.

पिशवी ओसरीवर ठेवली तेव्हा शेजारच्या शेवंताबाई धुतलेलं धोतर पुन्हा बादलीत घालत होत्या. त्यांच्याशी माझं बोलणं आजवर पाण्याची वेळ आणि गॅसची टाकी याच्यापुढं गेलेलं नाही. मी कुंपणापाशी जाऊन विचारलं, "ही काजळी तुमच्याकडं रोज पडती का हो?"

त्यांनी धोतर पिळता पिळता माझ्याकडं पाहिलं. मला काही झालंय का, अशा नजरेनं. मग धोतर खांद्यावर टाकलं आणि कुंपणाजवळ आल्या.

"पडती की मास्तर. आमच्या नातीच्या उशीवर सुद्धा पडती," त्या म्हणाल्या. "या इकडं, दाखवते."

मी फाटक उघडून त्यांच्या अंगणात गेलो.